केमोच्या दिवसांतली शुगर कोणाची?

आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात कमरेचा घेर विचारलेला असतो, तंबाखू-खर्रा विचारलेला असतो, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का हेही असतं. त्याच कागदावर थोडं खाली तोंडातली न भरणारी जखम, छातीतली गाठ, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव यांची चौकशी असते. २०१० साली केंद्र सरकारने कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्यासाठी मिळून एकच राष्ट्रीय कार्यक्रम काढला. महाराष्ट्रात सुरुवातीला तो ज्या मोजक्या जिल्ह्यांत आला, त्यांत वर्धा होता. कागदावर हे आजार तेव्हापासून शेजारी बसलेले आहेत. पण कर्करोग आणि मधुमेह दोन्ही एकाच माणसाला झाले की त्याच्या हातात दोन फायली येतात. गाठीची फाईल कॅन्सरच्या ओपीडीत, शुगरची चिठ्ठी मेडिसिनच्या ओपीडीत नाहीतर गावच्या डॉक्टरकडे. केमो घेऊन एसटीने घरी परतल्यावरचे जे चार-पाच दिवस असतात, त्या दिवसांतली शुगर मात्र कुठल्याच फायलीत नसते. सगळं घोडं तिथेच अडतं, असं माझं मत आहे.

उपचारांच्या बाबतीत वर्धा जिल्हा उघडा पडलेला नाही. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी उभी केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. सावंगी (मेघे) इथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सिद्धार्थ गुप्ता स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. पंचाहत्तरेक किलोमीटरवर नागपूर. तिथे तुकडोजी महाराजांच्या नावाचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, शासकीय मेडिकल कॉलेज आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. जिल्ह्याची स्वतःची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीही सेवाग्रामला चालते. २०११ च्या जनगणनेत तेरा लाखांची वस्ती असलेल्या जिल्ह्यासाठी एवढी सोय पुष्कळ म्हणायची. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या माणसाला ती लांब पडते, ही गोष्ट वेगळी.

दोन्ही आजार एकत्र येणं आता नवलाचं राहिलेलं नाही. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीने २०२३ साली देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला. जगभरच्या अभ्यासांत कर्करोगाच्या रुग्णांपैकी साधारण ८ ते १८ टक्क्यांना आधीपासून मधुमेह आढळतो. वाढतं वय, सुटलेलं पोट, बैठं काम आणि तंबाखू ही दोघांचीही सामाईक मुळं. अमेरिकेतल्या मधुमेह आणि कर्करोग या दोन संघटनांनी २०१० साली एकत्र बसून पुरावा तपासला. यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाचं अस्तर इथल्या कर्करोगांचा धोका मधुमेहींत जवळपास दुप्पट दिसला. मोठं आतडं, स्तन आणि मूत्राशय इथे तो काही प्रमाणात वाढलेला होता, पुरुषांतल्या प्रोस्टेटचा मात्र उलट कमी. २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला दुसरा निष्कर्ष जास्त बोचरा आहे: कर्करोगाच्या निदानावेळी आधीच मधुमेह असलेल्यांत मृत्यूचा धोका, मधुमेह नसलेल्या रुग्णांपेक्षा सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त. त्यात वय, किडनी, हृदय यांचा वाटा आहेच. शिवाय मधुमेह आहे म्हणून केमोचा डोस कमी केला जातो किंवा पुढे ढकलला जातो, तोही वाटा त्यात असणार.

पहिली गफलत उपचार सुरू होण्याआधीच होते. खर्रा खाणाऱ्या माणसाच्या गालात आतून व्रण येतो. त्याला शुगर आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. शुगरवाल्याची जखम लवकर भरत नाही हेही ठाऊक असतं, आणि ते खोटं नाही. मग महिना-दोन महिने मलम, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, तोंडात लावायचं ग्लिसरीन. दात हलायला लागला तर तोही शुगरने. तोंड दोन बोटांपुरतंच उघडतं ते खर्र्यातल्या सुपारीने. त्याला तर कोणी आजारच म्हणत नाही, 'तिखट जमत नाही आता' एवढ्यावर भागतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर समोर घोटून दिलेला खर्रा आपल्याकडे कधी थांबला? वर्ध्यात पुरुषांच्या कर्करोगांत तोंडाच्या कर्करोगाचं ओझं मोठं आहे ते उगीच नाही. नियम साधा आहे: तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर शुगर असो वा नसो, तुकडा काढून तपासायचा. शुगर आहे ही सबब थांबण्यासाठी वापरली जाते, खरं तर ती घाई करण्याचं कारण व्हायला हवी.

वजनाचंही तसंच. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला, वजन झरझर उतरतंय, पोटात-पाठीत दुखतंय, तर नुसती गोळी वाढवून भागत नाही. अमेरिकेतल्या एका जुन्या आणि बऱ्याच उल्लेखिल्या गेलेल्या अभ्यासात पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी जवळपास शंभरातल्या एकाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. शंभरातला एक म्हणजे प्रत्येकाने घाबरावं असं नाही, पण वजन उतरत असेल तर सोनोग्राफी-सीटीचा विचार डॉक्टरांनी करावा इतकं नक्की.

आता मूळ मुद्दा. केमोमुळे शुगर वाढते असं सरसकट म्हटलं जातं. बहुतेक वेळा ती वाढवतो तो केमोच्या आधी दिला जाणारा डेक्सामिथासोन, दवाखान्याच्या भाषेत 'डेक्सा'. वांती होऊ नये, औषधाची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून हे स्टेरॉइड देतात आणि ते लागतंच. २०२१ सालची काळी बुरशी विदर्भात कोणी विसरलेलं नाही: कोविड, मधुमेह आणि स्टेरॉइड या तिघांनी मिळून किती जणांचे डोळे आणि जबडे नेले ते इथल्या दवाखान्यांनी पाहिलं. कोविडमध्ये डेक्साचा प्रमाणित डोस रोज ६ मिलिग्रॅम होता, जास्तीत जास्त दहा दिवस. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या आधी रूढ पद्धतीत २० मिलिग्रॅम देतात, म्हणजे प्रेडनिसोलोनच्या हिशेबात सव्वाशे मिलिग्रॅमच्या वर. डोसेटॅक्सेल असेल तर ८ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन दिवस. लिम्फोमाच्या नेहमीच्या केमोत प्रेडनिसोलोन रोज १०० मिलिग्रॅम, पाच दिवस.

याचा घरातला अर्थ काय होतो ते एका उदाहरणाने पाहू. हिंगणघाटकडची पन्नाशीतली एक मावशी समजा. स्तनाचा कर्करोग, दहा वर्षांची शुगर, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी दोन वेळा. दर एकवीस दिवसांनी केमो. त्या दिवशी सकाळी उपाशीपोटी शुगर १३०, सगळे खूश. दहाच्या सुमारास छोट्या सलाईनमधून डेक्सा जातो. दुपारचा डबा खाल्ल्यावर शुगर चढू लागते आणि संध्याकाळी गावच्या फाट्यावर उतरेपर्यंत तीनशेच्या पुढे गेलेली असू शकते. घसा कोरडा, लघवीला सारखं जाणं, अंगातलं बळ गेल्यासारखं. 'केमोचा त्रास होऊन राहिला,' असं घरचे म्हणतात आणि कोणी शुगर पाहत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वांतीसाठी दिलेल्या डेक्साच्या गोळ्या चालू, त्यामुळे तेच पुन्हा. पाचव्या-सहाव्या दिवशी पूर ओसरतो. पुढे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. नुकती चढून उतरलेली शुगर आणि रोडावलेल्या पेशी, म्हणजे जंतूंना मोकळं रान. एकविसाव्या दिवशी मावशी पुन्हा उपाशीपोटी रक्त देते. रिपोर्ट १३५. फायलीवर शेरा पडतो: शुगर कंट्रोलमध्ये.

या शेऱ्यात खोटं काही नाही. चुकीची आहे ती वेळ. सकाळी दिलेलं स्टेरॉइड मुख्यतः दुपारनंतरची शुगर चढवतं, सकाळची उपाशीपोटीची त्यामानाने कमी. डेक्साचा असर दीड-दोन दिवस रेंगाळतो, त्यामुळे दुसऱ्या सकाळचा आकडाही थोडा वर असतो, पण खरा चढ संध्याकाळचाच. म्हणून केमोच्या दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी बोट टोचून पाहणं, हे या सगळ्या प्रश्नातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम आहे. ब्रिटनमधल्या मधुमेह आणि केमोथेरपीच्या मंडळांनी २०२१ साली कर्करोग-रुग्णांसाठी एकत्र मार्गदर्शिका काढली. तिच्यात उपचारांच्या काळात शुगर साधारण १०८ ते १८० च्या दरम्यान, फार तर २१६ पर्यंत ठेवायला सांगितलं आहे. नव्वद-शंभरचा हट्ट तिथेही नाही. कारण या काळात शुगर अचानक खाली जाणं जास्त धोक्याचं.

स्टेरॉइडने चढलेल्या शुगरवर गोळ्यांचा जोर फारसा चालत नाही. त्यावर जुनं, स्वस्त, ढगाळ दिसणारं एनपीएच इन्शुलिन चांगलं काम करतं, कारण सकाळी स्टेरॉइडबरोबर दिलं तर त्याचा भर दुपारी-संध्याकाळी येतो, नेमका शुगर चढते तेव्हा. आपल्याकडे सर्रास मिळणारं 'तीस-सत्तर' हेही सकाळच्या डोसात बरंच उपयोगी पडतं. किती युनिट, हे वजन आणि स्टेरॉइडचा डोस पाहून डॉक्टरांनी ठरवायचं. घरच्यांनी अंदाजाने नाही. दुसरी वाट म्हणजे डेक्साच कमी करणं. वांतीसाठी ओलान्झापिन ही गोळी आता बरीच वापरात आहे. ती १० ऐवजी २.५ मिलिग्रॅमही पुरते, असं टाटा मेमोरियलच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. मधुमेही रुग्णात काही केमोंच्या वेळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा डेक्सा टाळता येतो का, हे विचारायला हरकत नाही. विचारल्याने कोणी रागावत नाही, आणि रागावलंच तरी विचारावं.

आधीच्या गोळ्यांचं काय करायचं, यावर रुग्णाला बहुधा कोणी काही सांगत नाही. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात शुगरची औषधं चालू ठेवा. शुगरच्या डॉक्टरांना केमो कधी आहे ते ठाऊक नसतं. त्यातली ग्लिमेपिराइड सगळ्यात दगाबाज. तोंडाची चव गेली, दोन घास खाल्ले, वांती झाली, आणि सवयीने गोळी घेतलेली. मग पहाटे घाम फुटून माणूस गार पडतो. जेवण नाही तर ती गोळी नाही, एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. मेटफॉर्मिन बरी, पण जुलाब-मळमळ असेल, अंगातलं पाणी आटलं असेल किंवा सिसप्लॅटिनने किडनीला मार बसला असेल तर थांबवावी लागते. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, आणि पॅक्लिटॅक्सेलमुळे पायांना मुंग्या येऊ लागल्या की मधुमेह, बी-१२ आणि केमो असे तीन संशयित एकाच वेळी उभे राहतात. बी-१२ ची तपासणी करून एक तरी संशयित बाजूला करता येतो.

डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीचा धोका मात्र नवा आहे. २०२० साली भारतात त्याचं पेटंट संपलं, जेनेरिक गोळ्या स्वस्तात आल्या आणि तालुक्याच्या औषध दुकानापर्यंत पोहोचल्या. हृदयाला आणि किडनीला त्या चांगल्या, यात वाद नाही. पण जेवण बंद असलेल्या माणसात त्या चालू राहिल्या तर रक्तात आम्ल साचतं, आणि ग्लुकोमीटर मात्र १८०-२०० असा निरुपद्रवी आकडा दाखवतो. वांत्या, पोटात दुखणं, धाप; सगळं केमोच्या खात्यावर जमा होतं. शस्त्रक्रियेआधी तीन-चार दिवस ही गोळी बंद ठेवतात. खाणं घटलं की केमोतही ती बंद ठेवणंच शहाणपणाचं.

तोंडाच्या कर्करोगाचा शेक (रेडिएशन) सुरू होतो तेव्हा सगळा हिशेब बदलतो. सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस शेक, आणि बहुधा दर आठवड्याला सिसप्लॅटिन. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघतं, लाळ आटते, पाणीही गिळवत नाही. नाकातून नळी पडते. मग घरच्यांसमोर प्रश्न येतो, नळीतून काय द्यायचं? दुधात साखर, केळ्याचा मिल्कशेक, साबुदाण्याची पेज, फळांचा रस. हे सगळं नळीतून सहज उतरतं आणि सगळं झपाट्याने शुगर चढवतं. उलट शुगर चढते म्हणून साखर तोडली आणि जागी काही घातलं नाही, तर माणूस आठवड्याला किलोभर उतरतो. शेक देताना चेहऱ्यावर बसवायचा जाळीचा मुखवटा ढिला होतो आणि सगळं नियोजन पुन्हा करावं लागतं.

नळीचं गणित असं जमतं: दर दोन-तीन तासांनी दोनशे-अडीचशे मिली, त्यात दूध किंवा दही-ताक, शिजवून मिक्सरमधून काढून गाळलेलं मुगाचं वरण, चांगलं उकडलेलं अंडं, फल्लीदाण्याची बारीक पूड, चमचाभर तेल, थोडं ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ. पिष्ट पदार्थ पूर्ण तोडायचे नाहीत, सगळ्या वेळांत सारखे वाटायचे, म्हणजे इन्शुलिनही त्या बेताने बसवता येतं. दोन गोष्टी घरच्यांना ठळक सांगायला हव्यात. एक, इन्शुलिन टोचल्यावर नळी निघाली किंवा तुंबली तर ती आणीबाणी समजायची, 'सकाळी पाहू' नाही. पोटात काही जाणार नाही आणि इन्शुलिन काम करत राहील. दुसरी, हळूहळू विरघळणारी मेटफॉर्मिनची गोळी कुटून नळीतून द्यायची नाही. साधी गोळी चालते, तीही डॉक्टरांना विचारून. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून नळीतून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं. लाळ आटलेल्या तोंडात गोळी-चॉकलेट विरघळत नाही, त्यामुळे खिशातल्या लिमलेटच्या गोळ्यांचा नेहमीचा उपाय इथे लंगडा पडतो.

शस्त्रक्रिया आणि तपासण्यांबद्दल थोडक्यात. ऑपरेशनच्या आसपास शुगर १०० ते १८० च्या दरम्यान ठेवायची असते. एरवीच्या ऑपरेशनला तीन महिन्यांची शुगर सुधारेपर्यंत थांबता येतं; गाठ तितकी थांबत नाही, म्हणून दाखल करून इन्शुलिनवर चार-आठ दिवसांत रोजची शुगर आटोक्यात आणावी लागते. पेट स्कॅनला शुगर २०० च्या आत हवी आणि स्कॅनच्या चार तास आधी लवकर काम करणारं इन्शुलिन चालत नाही, नाहीतर साखर स्नायूंत शिरते आणि चित्र बिघडतं. आर्वीहून पहाटे उपाशीपोटी नागपूरला निघालेला माणूस तिथे २६० म्हणून परत पाठवला जातो, तेव्हा भाडं आणि दिवस दोन्ही वाया गेलेले असतात. आदल्या रात्री आणि सकाळी घरीच शुगर पाहून फोनवर विचारलं तर यातले बरेच हेलपाटे वाचतात.

तीन महिन्यांच्या शुगरवर, म्हणजे एचबीएवनसीवर, विदर्भात जरा जपूनच विसंबावं. रक्त चढवलं असेल तर हा आकडा खोटा खाली येतो; लोह कमी असेल तर खोटा वर जातो. आणि आपल्या भागात सिकलसेल आहे. सिकलसेलच्या रुग्णात ही तपासणी भरवशाची नाही, आणि नुसता वाहक असेल तरी काही मशीनवर चुकते. केमोतला रुग्ण तर हमखास रक्त कमी झालेला. तिथे बोटातले रोजचे आकडे हाच खरा पुरावा. (रक्त फार कमी असेल तर ग्लुकोमीटरही थोडा वर दाखवतो, हेही ध्यानात असू द्यावं. आणि बोट आधी धुवावं. संत्रं सोललेल्या बोटाचा आकडा कितीही येऊ शकतो.)

खाण्यापिण्याबद्दल दोन टोकं दिसतात आणि दोन्ही घरच्या मायेतून आलेली असतात. एका टोकाला 'साखर कॅन्सरला पोसते' म्हणून सगळं बंद. गाठीच्या पेशी ग्लुकोज जास्त खातात, हे ऑटो वारबुर्ग यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. पेट स्कॅन चालतो तो त्याच जोरावर. पण ताटातली साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही. यकृत साखर बनवत राहतं, आणि आधी झडतो तो रुग्णाचा मांसल भाग. दुसऱ्या टोकाला भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या. रक्त वाढावं म्हणून गूळ, बीट आणि डाळिंबाचा रस, पेशींसाठी पपईच्या पानांचा रस, अशक्तपणाला ग्लुकोजची पावडर, वर्ध्याचं म्हणून गोरसपाकाचा पुडा. त्यात भर म्हणून गावातल्या दवाखान्यात 'ताकदीचं' सलाईन. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ते थेट शिरेत जातं. ऑक्झॅलिप्लॅटिनसारखी केमो डेक्स्ट्रोजमध्येच द्यावी लागते, तिथे इलाज नाही. तिथे इन्शुलिनचा बंदोबस्त आधी हवा. गावातल्या सलाईनला मात्र तसं काही कारण नसतं. मधला रस्ता साधाच आहे: ज्वारीची भाकर किंवा पोळी थोडी थोडी, पण दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी बरोबर डाळ, अंडं, दही, पनीर यांतलं काहीतरी. वजन उतरणाऱ्या मधुमेहीला कॅन्सरच्या काळात भातावर हक्क आहे, असं मी तर म्हणेन.

आशा आणि भीती यांचाही आढावा घ्यायला हवा. मेटफॉर्मिन कर्करोग रोखते, असं बरीच वर्षं बोललं गेलं. मधुमेह नसलेल्या, स्तनाच्या कर्करोगाच्या ३,६४९ रुग्णांवर पाच वर्षं मेटफॉर्मिन किंवा बनावट गोळी देऊन झालेल्या चाचणीचा निकाल २०२२ साली आला: कर्करोग परतण्यात फरक पडला नाही. भीतीचं उलटं. २००९ साली ग्लार्जिन इन्शुलिनने कर्करोग वाढतो की काय अशी शंका उठली होती. साडेबारा हजार लोकांवरच्या २०१२ च्या चाचणीत तसं काही आढळलं नाही. तरी 'एकदा इन्शुलिन लागलं की सुटत नाही' ही समजूत गावागावांत पक्की आहे. स्टेरॉइडपुरतं लागलेलं इन्शुलिन बहुधा सुटतं. पायोग्लिटाझोन या शुगरच्या गोळीबद्दलची भीती मात्र निराधार नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून २०१३ साली भारताने ती काही आठवडे बंद केली, मग इशारा छापून परत आणली. मूत्राशयाचा कर्करोग असलेल्याने ती घेऊ नये.

इम्युनोथेरपी आता मुंबईपुरती राहिलेली नाही. डोकं-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅबचा अगदी छोटा, २० मिलिग्रॅमचा डोस इतर तोंडी औषधांबरोबर दिला, तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं, असं टाटा मेमोरियलने २०२२ साली दाखवलं. खर्च आवाक्यात आल्याने हे औषध छोट्या शहरांतही पोहोचू लागलं. या जातीच्या औषधांनी शंभरात सुमारे एकाला अचानक, पूर्वी शुगर नसतानाही, इन्शुलिनवर अवलंबून असलेला मधुमेह होतो. तो आठवड्या-दोन आठवड्यांत भडकतो आणि थेट आयसीयूत नेतो. इम्युनोथेरपी चालू असलेल्याला फार तहान आणि वांत्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी शुगर पाहायची. प्रोस्टेटसाठी हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं मधुमेह हळूहळू वाढवतात. तिथे घाई नसते, पण लक्ष हवं.

पैशांचं बोलल्याशिवाय हे सगळं हवेत राहतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो, शेक, शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये बसतात. घरी लागणाऱ्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या बसत नाहीत. एक पट्टी पंधरा-वीस रुपयांची. एका केमोमागे चार दिवस, रोज चार म्हटलं तरी तीनेकशे रुपये, म्हणजे शेतावरची एका दिवसाची मजुरी. केमोवर हजारो खर्च करणाऱ्या यंत्रणेने सोळा पट्ट्यांसाठी अडून बसावं हे मला अजून पटलेलं नाही. घरी फ्रीज नसेल तर वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात इन्शुलिन कुठे ठेवायचं हा पुढचा प्रश्न. झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत घालून ती डबी ओल्या वाळूत किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात ठेवली तर चालतं. २५ ते ३७ अंशांत खालीवर होणाऱ्या तापमानात चार आठवडे इन्शुलिनची ताकद टिकली, असं केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतल्या परिस्थितीवरून २०२१ साली तपासून दाखवलं गेलं. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेलं मात्र वाया गेलं समजायचं.

याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या रुग्णालयाने गावकऱ्यांकडून सुगीनंतर ज्वारी घेऊन त्यांचा आरोग्य विमा चालवला होता. तेव्हा यंत्रणा गावापर्यंत जाऊन आपला हिशेब गावाच्या धान्यात बसवू शकली, तर आता केमोच्या कार्डावर शुगरचे चार रकाने बसवणं अशक्य नाही. केमोची तारीख, डेक्साचा डोस, दुपारनंतरचे आणि रात्रीचे आकडे, आणि 'तीनशेच्या वर किंवा सत्तरच्या खाली गेली तर या नंबरला फोन करा' अशी एक ओळ. आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरने त्या चार दिवसांत एकदा घरी डोकावणं. फॉर्ममध्ये दोन्ही आजार त्यांनीच तर लिहिले होते. कार्ड दोन्ही ओपीडींनी पाहायचं, आणि डोस बदलण्याचा अधिकार कोणाचा हे पहिल्या दिवशीच ठरवायचं.

उपचार थांबवून केवळ त्रास कमी करण्याची वेळ आली की आकड्यांची चौकटही सैल होते. ब्रिटनमधली अशा काळासाठीची मार्गदर्शिका शेवटच्या दिवसांत १०८ ते २७० इतकी मोकळीक देते; त्यात बोट टोचणं दिवसातून एकावर आणतात किंवा बंदच करतात. पथ्य सोडायला हरकत नसते.

आणि उपचार पूर्ण झालेल्यांचं एक काम मागे राहतं. शेवटची केमो होते, डेक्सा थांबतो, पण वाढवलेलं इन्शुलिन तसंच चालू राहतं, कारण ते कमी कर म्हणून कोणी सांगितलेलं नसतं. मग पंधरवड्यात शुगर पन्नाशीला येऊन माणूस पुन्हा तालुक्याच्या दवाखान्यात दाखल होतो. शेवटच्या केमोच्या दिवशी हातात डिस्चार्जचा कागद येतो, त्यावर पुढच्या तपासणीची तारीख असते. उद्यापासून इन्शुलिन किती युनिट घ्यायचं, तेही त्याच कागदावर लिहून मागावं.